दोन दस्त सापडले

आमच्या घरात ‘सर्च’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मामा शिर्डीत वकिली करतात. ते सकाळी चहा पिताना “आज राहात्याला सर्चला जातोय” म्हणाले, की समजायचं, दुय्यम निबंधक कार्यालयात बसून कुणाच्या तरी जमिनीचे जुने व्यवहार शोधायचे आहेत. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी “सर्चवर काम करतोय” म्हणतो, तेव्हा माझ्यासमोर एक लॅपटॉप असतो आणि त्यावर एक लांबट चौकोन, ज्यात कुणीतरी काहीतरी टाइप करणार असतं. आई नातेवाइकांना सांगते, “मामाचंच काम करतो, फक्त एसीत बसून.” मला हे वाक्य अजिबात आवडायचं नाही. मागच्या वर्षीच्या मार्चपासून मात्र मी त्यावर वाद घालायचं सोडून दिलं.

ज्यांनी अजून होम लोन घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही प्लॉट किंवा फ्लॅट घ्यायला निघालात की बँक विचारते, विकणारा खरंच मालक आहे का? त्याने आधी कुणाला विकलंय का, गहाण ठेवलंय का, कुणाचा हिस्सा राहून गेलाय का? हे सगळं तपासून वकील जो अहवाल देतो, तो सर्च रिपोर्ट. साधारण तीस वर्षांचा मागतात. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवलेल्या दस्तांच्या सूची ठेवल्या जातात. सूची 1 माणसांच्या नावाने, सूची 2 मिळकतीच्या वर्णनाने. वकिलांच्या तोंडी ती ‘इंडेक्स टू’. फी भरली की कुणालाही ती बघता येते. महाराष्ट्रात 2002 च्या सुमारास ‘सरिता’ नावाची संगणक प्रणाली आली, 2012 मध्ये ‘आय-सरिता’ आली, म्हणून अलीकडच्या नोंदी घरबसल्या दिसतात. त्याआधीचं सगळं जाडजूड रजिस्टरांत. मामांनी वकिलीची पहिली कित्येक वर्षं त्या रजिस्टरांच्या धुळीत घालवली. मामी म्हणते, त्या काळात यांच्या शर्टाच्या बाह्या कधी पांढऱ्या राहिल्या नाहीत.

पण सूचीत सगळं येत नाही. कोर्टात पडून असलेला वाटपाचा दावा, हक्कसोडपत्रावर सही न केलेली बहीण, तोंडी झालेली वाटणी, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी पाठवलेली नोटीस, असल्या गोष्टी वकिलाच्या स्वतःच्या कपाटात असतात. मामांच्या ऑफिसात दोन भिंती अशा फायलींनी भरल्या आहेत. जुने रिपोर्ट, फेरफारांच्या नकला, दाव्यांच्या प्रती, दोरीने बांधलेले गठ्ठे. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे हे फक्त एका माणसाला माहीत असतं: मामांचे कारकून. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणतो आणि ते मला भाचेसाहेब म्हणतात.

आमच्या कंपनीचं साधन नेमकं याच कपाटासाठी होतं. वकिलाने आपल्या ऑफिसातले कागद स्कॅन करायचे, आम्ही त्यातला मजकूर वाचून घ्यायचा, आणि मग गाव, गट नंबर, नाव असं काहीही टाकलं की संबंधित कागद समोर यायचे. मी त्या टीममध्ये होतो. मामांना पहिला गिऱ्हाईक मीच केलं. फायली स्कॅन करायला दिवाळीच्या सुट्टीत मीच बसलो होतो. काकांनी प्रत्येक फायलीचं गाव, गट नंबर आणि विषय स्वतः टाइप करून यादी बनवली. त्यांना टायपिंग येतं. जुन्या काळातलं मराठी टायपिंग, त्यात पुढे युनिकोडचं शिकून घेतलेलं.

हे साधन शिर्डीत चालेल याची मला खात्री होती, कारण शिर्डीत जमिनीचे व्यवहार थांबतच नाहीत. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये काकडीचं विमानतळ सुरू झालं, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. पेरूच्या बागा जाऊन तिथे लॉज उभे राहिलेले मी माझ्या शाळेच्या दिवसांपासून बघतोय. एका गटाचे प्लॉट पडतात, प्लॉटचे परत तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यामागे एक रिपोर्ट लागतो.

आम्ही वापरणाऱ्यांना विचारत नव्हतो, असं मुळीच नाही. प्रत्येक शोधानंतर पाच तारे यायचे, त्यातले किती द्यायचे ते द्या. दर तीन महिन्यांनी फॉर्म जायचा. आम्ही फोन करायचो. वकील मोकळेपणाने सांगायचे: अक्षर मोठं करा, पान पटकन उघडू द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण द्या. आम्ही ते सगळं केलं. मीटिंगमध्ये ताऱ्यांचा आलेख वर जाताना दिसायचा आणि आमचे मॅनेजर म्हणायचे, “युजर खूश आहेत.” खरंच होते.

मग तो मार्च आला. मार्चमध्ये बँकांची घाई असते, म्हणून वकिलांची असते. मंदिराजवळ हारफुलांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ निमगाव कोऱ्हाळे इथला एक बिनशेती प्लॉट घेणार होते. इसार द्यायचा दिवस ठरला होता. मामांनी मोबाइलवर गाव आणि मूळ गट नंबर टाकला. स्क्रीनवर आलं: ‘2 दस्त सापडले’. एक 2016 चं खरेदीखत, एक त्यानंतरचा बिनशेतीचा आदेश. दोन्ही बरोबर, दोन्ही स्वच्छ, दोन सेकंदांत. मामांनी पाच तारे दिले. मग राहात्याला जाऊन इंडेक्स टू बघितली, तिथेही काही वावगं नव्हतं. रिपोर्टचा मसुदा तयार झाला.

मसुदा वाचायला काकांकडे गेला. ते टायपिंगच्या चुका बघतात. त्यांनी गट नंबर बघितला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, ह्यो गट आपण मागं पाह्यलाय. त्यात एका बहिणीचं काहीतरी होतं.”

गठ्ठा निघाला. 2009 सालचा मामांचाच रिपोर्ट. त्यात मामांच्याच अक्षरात समासात लिहिलेलं: मयताला दोन मुली, हक्कसोडपत्रावर एकीचीच सही, दुसरीने वाटपाचा दावा लावला आहे, निकाल नाही. तेव्हा मामांनी तो व्यवहार करू नका असं सांगितलं होतं. ते पक्षकार गेले आणि मामांच्याही डोक्यातून तो गट गेला. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. म्हणजे समासातली ती ओळ म्हणजे एका बाईची जमीन होती. आणि ती फाइल आमच्या साधनात होती. मीच स्कॅन केली होती.

मामा मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी फोन करून एवढंच म्हणाले, “तुझ्या सर्चमध्ये एक कागद आला नाही. बघ बरं का ते.” हारवाल्यांचा इसार त्यांनी थांबवला होता. पुढे त्या व्यवहाराचं काय झालं ते पक्षकाराचं खासगी आहे. तो मार्चमध्ये झाला नाही, इतकंच इथे पुरे.

मी रात्री लॉग उघडला. मामांचा शोध दिसला, त्याखाली पाच तारे दिसले. आमच्या आलेखात तो शोध यशस्वी म्हणून मोजलेला होता.

कारण सापडायला दोन तास लागले, आणि ते इतकं बारीक होतं की मी आधी हसलो. ‘कोऱ्हाळे’ या नावात ऱ्ह आहे. डोऱ्हाळे, तऱ्हा, दुसऱ्या यांत असतो तो अर्धा र, पापणीसारखा. युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. दुसऱ्या पद्धतीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ आणि हलन्त. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काकांनी जुन्या फायलींची यादी पहिल्या पद्धतीने टाइप केली होती. नव्या फायली मी माझ्या लॅपटॉपवरून भरल्या, त्या दुसऱ्या पद्धतीत गेल्या. मामांचा मोबाइलही दुसऱ्याच पद्धतीने लिहितो. म्हणून निमगाव कोऱ्हाळ्याची प्रत्येक नवी फाइल सापडत होती आणि एकही जुनी सापडत नव्हती. मामांना हे कळायला काही मार्गच नव्हता. समोर दोन कागद आले होते आणि दोन्ही बरोबर होते.

दुरुस्ती दहा ओळींची होती. सकाळपर्यंत झाली. पण मला झोप लागली नाही ती त्या पाच ताऱ्यांमुळे. पत्ता चुकला तर रिक्षावाल्याला शिव्या पडतात, भाजीत मीठ जास्त झालं तर जेवणारा लगेच सांगतो. शोधाच्या कामात मात्र न सापडलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करणारं कुणी नसतं. जो शोधतोय त्याला ती आहे हेच माहीत नसतं.

हे मला एकट्यालाच सुचलंय असं वाटून मी वाचायला लागलो, तर ते चाळीस वर्षं जुनं निघालं. 1985 मध्ये ब्लेअर आणि मॅरन या दोन अमेरिकन संशोधकांनी नेमका वकिलांचाच प्रयोग केला होता. एका मोठ्या दाव्यातले सुमारे 40,000 कागद, साडेतीन लाखांच्या आसपास पानं, कॉम्प्युटरवर चढवलेली. वकील स्वतः सांगायचे काय हवंय, समाधान होईपर्यंत शोध चालू ठेवायचे. त्यांना वाटत होतं की कामाच्या कागदांपैकी निदान 75 टक्के आपल्या हाती आलेत. मोजलं तेव्हा सरासरी 20 टक्के निघाले. कारणही ओळखीचं आहे. दावा एका अपघातावरून होता, पण ज्यांच्यावर ठपका येणार होता ते आपल्या पत्रांत ‘अपघात’ असं लिहीतच नव्हते. ती घटना, ती अडचण, ती दुर्दैवी परिस्थिती, असं काहीबाही लिहीत होते. वकील ‘अपघात’ शोधत राहिले आणि जे मिळालं त्यावर खूश राहिले.

मी हे मॅनेजरना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग युजरना विचारायचंच नाही का?” प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आठ दिवसांची रजा काढून शिर्डीला गेलो.

पहिले दोन दिवस मी काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि ते कसे शोधतात ते बघितलं. त्यांच्याकडे एक वही आहे, लाल कापडी बांधणीची, लांबट. तिच्यात रकाने आखलेले. गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, घराणं, गठ्ठा. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुना दस्त सर्व्हे नंबरावर असतो आणि नवा गटावर. जमीन तीच. वहीत दोन्ही शेजारी लिहिलेले होते. आमच्या साधनात नव्हते.

मी विचारत गेलो आणि काका सांगत गेले. या भागाचा तालुका आधी कोपरगाव होता, राहाता नंतर झाला, म्हणून जुना कागद शोधायचा तर तालुका कोपरगाव धरायचा. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, त्याआधीच्या प्रत्येक कागदावर अहमदनगर आहे. शिर्डी कुणी शिरडी लिहितं, राहाता कुणी राहता. जुन्या दस्तात क्षेत्र एकर-गुंठ्यांत, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, तो नव्या उताऱ्यावर 0.40 होऊन येतो. अज्ञान मुलाच्या नावाशी ‘अ.पा.क.’ येतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि एकत्र कुटुंबाच्या पुढाऱ्यापाशी ‘ए.कु.पु.’. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा शोधायचा तर ‘गहाण’ टाकून उपयोग नाही. इतर हक्कात ‘इकरार’ लिहिलेलं असतं. आम्ही पुण्यात बसून कायद्याच्या शब्दांची मोठी यादी केली होती. इकरार तिच्यात नव्हता.

“आन बायांची नावं,” काका म्हणाले. “माहेरची येगळी, सासरची येगळी. बहीण हुडकायची तर दोन्ही लावून बघावं लागतं. नायतर बहीण सापडत नाय.”

मी हे सगळं लॅपटॉपवर लिहून घेत होतो. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की मी परत तेच करतोय, फॉर्म भरून घेतोय, फक्त लांबलचक. काकांना जे आठवेल तेच ते सांगणार. जे त्यांच्या हातात इतकं बसलंय की सांगायचं सुचणारच नाही, ते कसं काढायचं?

उत्तर गुरुवारी सापडलं. संध्याकाळी ऑफिस बंद करून आम्ही दोघं निघालो, तर पालखीची गर्दी सुरू झाली होती. शिर्डीत दर गुरुवारी पालखी द्वारकामाईवरून चावडीपर्यंत जाते. साईबाबा एक दिवसाआड रात्री जिथे झोपायचे ती ही चावडी. भाविकांसाठी ते मोठं ठिकाण आहे, पण मुळात ती इतर गावांत असते तशीच गावची चावडी होती. गर्दीत पुढे जाता येईना म्हणून आम्ही कडेला थांबलो. चावडीकडे बघून काकांना त्यांच्या गावची गोष्ट आठवली.

2017 साली सरकारने राज्यभर चावडी वाचन लावलं होतं. हाताने लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवताना चुका झाल्या होत्या. ऑनलाइन उतारा द्यायचा तर तो आधी दुरुस्त हवा. म्हणून तलाठी गाव जमवून एकेक सातबारा मोठ्याने वाचणार आणि लोकांनी चूक सांगायची. काकांच्या गावात भाऊसाहेब, म्हणजे आमच्याकडचे तलाठी, वाचत होते. काकांच्या घराचा गट आला. भाऊसाहेबांनी नावं वाचली आणि पुढचा कागद उचलला. मागे बायकांत बसलेली काकांची चुलती एकदम म्हणाली, “आन माझं?”

तिचं नाव हस्तलिखित उताऱ्यावर होतं, कॉम्प्युटरच्या उताऱ्यावर उतरलंच नव्हतं. पुढे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली दुरुस्ती झाली. काका म्हणाले, “घरातल्या आमा पुरुषांच्या कानावरनं ते नाव नसलेलं तसंच गेलं. तिला कळलं, कारण ती सोत्ताचंच नाव ऐकायला बसली व्हती.”

तिथे मला पाहिजे होतं ते मिळालं. चावडी वाचनात तलाठ्याने लोकांना “आमची सेवा कशी वाटली?” असं विचारलं नव्हतं. ज्यांना खरं काय आहे ते आधीच माहीत आहे त्यांच्यासमोर आपला कागद वाचला होता, आणि काय गळलंय ते त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. उत्तर माहीत असलेला माणूसच न सापडलेल्याबद्दल बोलू शकतो.

हेही नवीन नव्हतं. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या विमानविद्येच्या कॉलेजात सिरिल क्लेव्हरडन नावाच्या ग्रंथपालाने शोधपद्धती तपासायला असंच काहीसं केलं होतं. प्रश्न स्वतः बनवण्याऐवजी त्याने निबंध लिहिणाऱ्या संशोधकांनाच विचारलं: हा निबंध लिहिताना तुमच्यापुढे कुठला प्रश्न होता, आणि कुठले लेख त्याच्या कामाचे होते? त्यातून 1,400 लेखांचा आणि त्यांच्यावरच्या प्रश्नांचा संच तयार झाला, आणि आजही सर्च शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकात तो असतो. इंजिनीअरिंगला आम्ही त्याचं नाव पाठ केलं होतं. प्रश्न कुणाचे होते याकडे तेव्हा लक्ष गेलं नव्हतं.

शुक्रवारी मी काकांना म्हणालो, “तुम्ही मला काही सांगू नका. वहीतले चाळीस शोध निवडा, ज्यांची उत्तरं तुम्हाला पक्की माहीत आहेत. शक्यतो ज्यांनी तुम्हाला घाम फोडला होता ते.” काकांना हा खेळ फारच आवडला. त्यांनी अवघडात अवघड निवडले. नाव बदललेली बहीण, मृत्युपत्राने आलेली विहीर, दुरुस्तीपत्राने बदललेली चतुःसीमा. आम्ही एकेक टाकत गेलो. काका उत्तर कागदावर उलटं झाकून ठेवायचे. चाळीसपैकी निम्मेही धड आले नाहीत. ज्या प्रश्नांवर काही कागद आले आणि महत्त्वाचा आला नाही, तिथे काका काही न बोलता फक्त झाकलेला कागद उलटा करायचे. पाच वर्षांत कुठल्या बग रिपोर्टने मला इतका घाम फोडला नव्हता.

पुण्याला परतल्यावर मी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, प्रत्येक गिऱ्हाईक ऑफिसकडून असे उत्तर माहीत असलेले प्रश्न घ्यायचे आणि नवी आवृत्ती सोडण्याआधी ते सगळे चालवायचे. आधी सापडणारा एकही कागद गळला तर आवृत्ती थांबवायची. दुसरी, ‘2 दस्त सापडले’ एवढंच दाखवायचं नाही. खाली लिहायचं, कुठकुठल्या रूपांत शोधलं, कुठला जुना सर्व्हे नंबर धरला, आणि कुठल्या फायलींचं स्कॅन नीट वाचताच आलं नाही. तिसरी, गावांच्या नावांची आणि शब्दांची यादी ज्या त्या ऑफिसला स्वतः वाढवता आली पाहिजे, कारण इकरार मला पुण्यात बसून कधीच सुचला नसता.

पहिल्या दोन मान्य व्हायला चार महिने गेले. डिझाइनवाल्या मुलीचं म्हणणं होतं की आपण काय वाचू शकलो नाही हे स्वतःहून सांगितलं तर लोकांचा विश्वास उडेल. ती चूक नव्हती. काही ऑफिसांचे तारे खरंच कमी झाले. “हे ॲप म्हणतंय की साठ फायली वाचता आल्या नाहीत,” अशी तक्रार घेऊन एका वकिलाचा फोन आला. आम्ही त्यांना सांगितलं की आधीही वाचता येत नव्हत्या. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग आधी का नाही सांगितलं?”

तिसऱ्या मागणीला वेळ लागला तो काकांमुळे. रजेच्या शेवटच्या दिवशी ते मला बस स्टँडवर सोडायला आले होते. स्कूटर लावली आणि विचारलं, “भाचेसाहेब, एक इचारू का? माझ्या वहीतलं सगळं ह्याच्यात गेल्यावर वकीलसाहेबांना माझं काय काम ऱ्हाईल?”

मी म्हणालो, तुमच्याशिवाय हे चालणारच नाही, वगैरे. त्यांनी मान हलवली. दोघांनाही ते वाक्य पोकळ वाटलं होतं.

बसमध्ये मी बराच वेळ त्यावरच विचार करत होतो. वापरणाऱ्यांना सोबत घेऊन साधन सुधारायचं, असं आम्ही मीटिंगमध्ये किती सहज म्हणतो. सोबत घ्यायचं म्हणजे एका माणसाने तीस वर्षांत धूळ खाऊन जमवलेलं आम्ही आठवडाभरात लिहून घ्यायचं आणि ते राज्यभरच्या ऑफिसांना विकायचं. त्याच्या चुलतीने “आन माझं?” विचारलं होतं. त्यानेही तेच विचारलं, फक्त जरा सभ्यपणे.

मी कंपनीत भांडलो. अर्धं मिळालं. आता असे प्रश्न तयार करून देणाऱ्याला दिवसाप्रमाणे मानधन मिळतं, आणि ते वकिलाला न जाता जो बसतो त्याला जातं. एका ऑफिसची यादी दुसऱ्या ऑफिसला द्यायची असेल तर आधी विचारावं लागतं. यादी विकल्यावर त्यातला वाटा मात्र मिळत नाही. कंपनी म्हणते, तो हिशेब ठेवणं शक्य नाही. तो ठेवता येतो हे मला इंजिनीअर म्हणून माहीत आहे. कंपनीलाही माहीत असावं.

काकांनी मानधन घेतलं. वही दिली नाही. “फोटो काढून घे, वही ऱ्हाऊ दे,” म्हणाले. आणि फोटोही त्यांनी सगळ्या पानांचे काढू दिले नाहीत. मला ते मनापासून बरं वाटलं.

मामा अजून रिपोर्ट काढताना आधी मोबाइलवर शोधतात आणि मग काकांना हाक मारतात. मी त्यांना म्हटलं, आता तारे देत जाऊ नका, त्यापेक्षा न सापडलेला एखादा कागद आठवला तर कळवत जा. ते म्हणाले, “अरे, तारे द्यायला बोट लागतं, त्याला डोकं लागतं. मार्चमध्ये कुठून आणू?” त्यामुळे मामा तारे देतात आणि काका प्रश्न पाठवतात.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला काकांचा व्हॉइस मेसेज आला. मागे पालखीचे टाळ ऐकू येत होते, म्हणजे गुरुवार असणार. पुणतांब्याचा एक गट, विहिरीतला चौथा हिस्सा, मालकीण आजोळच्या नावाने. “टाक बरं आता तुझ्यात,” काका म्हणत होते, “आन बघ सापडती का. उत्तर मी झाकून ठिवलंय.”

मी टाकलं. तीन दस्त सापडले. ती त्यांत नव्हती. मी काकांना तसं कळवलं आणि लॅपटॉप उघडला.